तासभर शांतता

१

सोसायटीची तिसरी चिठ्ठी काल दाराला चिकटवून गेले. भाषा अगदी मऊ. 'प्रिय शेजारी, आपल्या ड्राइव्हवेमधल्या आरव्हीचं इंजिन दिवसभर चालू असतं, याकडे आपलं लक्ष वेधावंसं वाटतं.' खाली सात सह्या. त्यातल्या चौघांच्या दारात मीच कधी ना कधी अशी चिठ्ठी टाकलेली आहे. एकाचा लॉनमोअर, एकाचा कुत्रा, तिसऱ्याच्या पोराचे ड्रम्स, आणि चौथ्याचा तर नुसता वाऱ्यावर किणकिणणारा विंडचाइम. तेव्हा आता कुरकुर करायला मला तोंड नाही.

मी गुरुनाथ. मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन तेहेतीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. काम एकच, गाडीतला आवाज, थरथर आणि खडखड शोधून काढायची आणि मारायची. बॉनेट न उघडता तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गेलाय हे मी नुसत्या कानाने सांगत असे. ऑफिसात त्याचं फार कौतुक होतं. घरी नव्हतं. पद्मिनी म्हणायची, "एवढा कान आहे तर कधी ऐकून घ्यायला पण वापरा."

पद्मिनी माझी बायको. आमच्या घरातला सगळा आवाज तिचा. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या, मिशिगनच्या थंडीत स्वेटरच्या बाहीत अडकायच्या तरी काढल्या नाहीत. भांडी आपटत घासणार, फोन स्पीकरवर लावून नेपरव्हिलच्या लेकीशी, आन्याशी, बोलणार, पोळ्या लाटताना कसलीशी चाल गुणगुणणार, आणि घराच्या दुसऱ्या टोकाहून "अहो" अशी हाक मारणार. एकतीस वर्षं मी तिला दिवसातून दहा वेळा एकच सांगत आलो. जरा हळू.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात माझा हात किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

२

रिटायर झाल्यावर आम्ही चोवीस फुटी सेकंडहँड आरव्ही घेतली. मागे पलंग, मध्ये ओटा, पुढे स्टिअरिंग. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीनंतर गर्दी ओसरली की उत्तरेला, अप्पर पेनिन्सुलात, एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर आठवडाभर राहायचं ठरवलं. त्या जागेचं नाव मी सांगणार नाही.

अशा ठिकाणी प्रत्येक गाडीला एक नंबर आणि एक विजेचा खांब मिळतो. खांबाला वायर जोडली की फ्रिज, दिवे, हीटर सगळं चालतं, इंजिन लावायची गरजच नसते. बाकी काही पाळा न पाळा, पण शेजाऱ्याच्या खिडकीखाली इंजिन घरघरवत ठेवायचं नाही, हा तिथला पहिला शेजारधर्म.

आम्हाला तेरा नंबर मिळाला. सगळ्या मिळून नऊ गाड्या उरल्या होत्या. बारा नंबरवर बसएवढी मोठी डिझेल गाडी उभी होती आणि तिचं इंजिन चालू होतं. म्हटलं, आत्ताच आला असेल, करेल बंद. पद्मिनीने चहा केला, आम्ही प्यायलो, कप धुतले, तरी चालूच. रात्री आठला ते बंद झालं, पण त्याआधी मिनिटभर चार नंबरचं सुरू झालं होतं. दहाला चारचं बंद झालं, त्याआधी मिनिटभर सातचं सुरू. मी अंथरुणात पडल्यापडल्या मोजत होतो. दोन-दोन तास, मध्ये मिनिटाचा जोड. कारखान्यात पाळी बदलताना नवा माणूस मशीनशी आल्याशिवाय जुना हात काढत नाही, अगदी तसं. सकाळी आठला पुन्हा बारा नंबर.

सकाळी नियमांचा बोर्ड वाचायला गेलो. मला सवय आहे. कचरा कुठे टाकायचा, कुत्रं कसं बांधायचं, सगळं लिहिलेलं होतं. शांततेच्या वेळांची ओळ मात्र हिरव्या रंगाने झाकून टाकली होती. रंग जुना होता, पापुद्रे सुटलेले.

कॅम्पग्राउंड सांभाळणारी बाई, लोर्ना, गोल्फ कार्टमधून पानं गोळा करत फिरत होती. तिला गाठलं.

"इथे कुणी ना कुणी चालू ठेवतंच," ती म्हणाली. "दिवसाचा वेन्डल, बारा नंबरवाला. रात्रीचे आम्ही वाटून घेतो. तुम्हाला पहाटेचे चार ते सहा देऊ का? सक्ती नाही. शेजारी म्हणून विचारते."

मी म्हटलं, "बाई, माझ्या छपरावर सोलर पॅनल आहेत. गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येते. मी पहाटे उठून इंजिन कशाला लावू?"

"असू दे मग," ती म्हणाली. "तुमची वेळ वेन्डल घेईल."

म्हातारी माणसं, एकेकाची खुळं असतात, असं म्हणत मी परत आलो.

३

"भांडायला जाऊ नका," पद्मिनी म्हणाली. "नाकावर राग घेऊन गेलात की तुम्ही इंग्रजीसुद्धा सदाशिव पेठेत बसल्यासारखं बोलता. शेजाऱ्याला सांगायचं तर आधी त्याचं तोंड गोड करावं."

गोड म्हणजे चिवडा, कारण गाडीत पोहेच होते. तिने दुपारी तो केला, कढीलिंबाच्या वासाने गाडी भरून गेली, आणि तिच्या रुखवतातल्या स्टीलच्या डब्यात भरला. त्या डब्यावर मशिनने टिंबटिंब करून कोरलेलं आहे, 'सौ. पद्मिनी'. नाव घातलं की भांडं हरवत नाही, फिरून घरी येतं, असं तिची आई म्हणायची.

चिठ्ठी मी लिहिली. आता खरं सांगतो. मी लिहिलं, 'माझी पत्नी मोठ्या आजारातून उठते आहे. तिला शांततेची फार गरज आहे. दिवसातून थोडा वेळ इंजिन बंद ठेवलंत तर उपकार होतील.' पद्मिनीला साधी सर्दीही झालेली नव्हती. शांतता मला हवी होती. पण आजारी बायकोला कोण नाही म्हणेल, असा हिशोबी विचार मी केला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो.

वेन्डल फिरायला गेला होता. चिठ्ठी त्याच्या दाराला अडकवली, डबा पायरीवर ठेवला.

संध्याकाळी तो आला. पंचाहत्तरीचा, उंच, पाठीत वाकलेला, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तुमच्या मिसेसचं वाचून वाईट वाटलं," तो म्हणाला. "मी तासभर देऊ शकतो. उद्यापासून दोन ते तीन. त्याहून जास्त नाही जमणार. आणि त्या तासात दोघंही गाडीतच बसा. बोलत राहा. काहीही बोला, पण थांबू नका."

तो गेल्यावर पद्मिनी हसत सुटली. "मला बोलत राहा म्हणतोय. असा भला माणूस तीस वर्षांपूर्वी का नाही भेटला?"

मी खिडकीतून पाहिलं. वेन्डलच्या गाडीत पुढच्या सीटवर त्याची बायको बसली होती, पांढऱ्या केसांची, हसतमुख. आमच्याकडे बघून तिने हात हलवला आणि काहीतरी म्हणाली. मधे काच होती, इंजिन चालू होतं, काही ऐकू आलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला इंजिन बंद झालं.

मी गाडीबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. पद्मिनी समोरच्या टेबलाशी मटार सोलत होती आणि आन्याच्या नव्या ऑफिसबद्दल सांगत होती. मी म्हटलं, "इतक्या मिनतवारीने शांतता मिळाली आहे, आता जरा गप्प बस." ती फुरंगटली आणि गप्प बसली.

आमच्या कंपनीत एक खोली होती, भिंतींना फोमच्या सुळक्यांचं अस्तर, आत कसलाही पडसाद उठत नाही. तिथे उभं राहिलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी तिथे तासन्‌तास काम केलेलं आहे, मला त्याची भीती नाही. पण ती खोली होती. इथे वर आभाळ होतं, पाइनची झाडं हलत होती, तळ्याचं पाणी किनाऱ्याच्या गोट्यांवर येऊन फुटत होतं, आणि कशाचाच आवाज नव्हता. झाडं हलताना दिसत होती फक्त.

मग मी मटारांकडे बघितलं. पद्मिनी शेंग दाबत होती, दाणे स्टीलच्या ताटलीत पडत होते. स्टीलच्या ताटलीत मटार पडला की टण्‌ होतं. पडत होते, उडत होते, पुन्हा पडत होते. टण्‌ नव्हतं.

कान गेले, म्हटलं. साठी उलटली, कधीतरी जाणारच होते. मी खुर्चीच्या हातावर टकटक केली. अगदी बारीक, लांबून आल्यासारखी, पण ऐकू आली. म्हणजे कान होते. मी तसाच बसून राहिलो. मला बोलायला हवं होतं, पण गप्प बस म्हणणारा मीच, तेव्हा आधी कसं बोलणार. असले हट्ट मी फार केलेत.

तीनला वेन्डलचं इंजिन घरघरलं आणि सगळं परत आलं. पाणी, झाडं, ताटलीतला टण्‌. आणि आमच्या पायरीवर डबा होता. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट बसवलेला. तो कुणी आणून ठेवला ते मी पाहिलं नाही, आणि मी पायरीपासून चार हातांवर बसलेलो.

उचलला तर हलका. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. पण उघडल्या क्षणी माझ्या कानाशी बांगड्या वाजल्या. काचेवर काच, एकदाच, स्वच्छ. मी वळून पाहिलं. पद्मिनी तिकडे दूर, नळाशी जग भरत होती.

स्टीलचं पातळ भांडं, शेजारी डिझेल इंजिन, कुठलीतरी फ्रीक्वेन्सी जुळली असणार. असं मी स्वतःला पटवलं. पटवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"रिकामा?" पद्मिनीने विचारलं.

"रिकामा."

"असू दे. त्यांच्यात पद्धत नसते. आणि तासभर बंद ठेवलं ना बिचाऱ्याने, तेच डब्यात घालून पाठवलं म्हणायचं. उद्या रव्याचे लाडू देऊ."

५

लाडवांचा डबा दुसऱ्या दिवशी दुपारी वेन्डलच्या पायरीवर गेला. दोनला इंजिन बंद झालं. या वेळी मी आत जाऊन पडलो, उशी कानावर घेतली आणि झोपल्याचं सोंग केलं. पद्मिनी बाहेर होती. तीनला उठलो तर डबा आमच्या पायरीवर. या वेळी मी तो उघडला नाही. ओट्यावर ठेवून दिला.

संध्याकाळी पद्मिनी पोळ्या लाटायला बसली. लाटणं पुढे-मागे होत होतं, बांगड्या कोपराकडे सरकत होत्या, मनगटाकडे येत होत्या. शेजारी इंजिन चालू होतं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण इंजिनाच्या आवाजाखालचा आवाज वेगळा काढणं हाच माझा धंदा होता. लाटण्याचा आवाज येत होता. गॅसचा येत होता. मी उठलो, तिचा हात धरला आणि गदागदा हलवला. बारा बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. आवाज नाही.

"हे काय?" ती म्हणाली. "या वयात हात धरताय होय?"

मला खरोखर भीती वाटली, आणि ती तिला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवून ओट्याशी गेलो. समोर डबा होता. मी तो उघडला. का उघडला, सांगता येत नाही. मला वाटलं, आत बांगड्यांचा आवाज असेल, परत मिळेल.

आत तिचं गुणगुणणं होतं. पोळ्या लाटतानाची तीच चाल, तीच दर वेळी दुसऱ्या ओळीवर अडकणारी. दोन ओळी ऐकू आल्या आणि संपल्या. झाकण लावलं, पुन्हा काढलं. नुसतं स्टील, लाडवाच्या तुपाचा वाससुद्धा नाही.

मी म्हटलं, "आज गुणगुणत नाहीस?"

"गुणगुणत्येय की," ती म्हणाली. मग थांबली, ओठ मिटून पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. "घसा धरलाय वाटतं," ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

६

सकाळी मी जाहीर केलं, निघायचं. थंडी वाढणार आहे, अंदाज वाईट आहे, असं काहीतरी सांगितलं. पद्मिनीला जे खरं ते सांगायचं धाडस झालं नाही. सांगणार तरी काय.

आवरायला दुपार झाली. मी गाडीच्या मागे वाकून सांडपाण्याचा पाइप काढत होतो. हात धुऊन पुढे आलो तर ओट्यावर डबा नाही.

"शिरा करून ठेवून आले," पद्मिनी म्हणाली. "जाताना न सांगता कसं जायचं? दोन दिवस त्याने आपल्यासाठी बंद ठेवलं."

घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी. मला तेव्हा आठवलं की वेन्डलला आज बंद करू नका, असं मी सांगितलेलंच नव्हतं. मी धावत सुटलो. त्याच्या दाराशी पोचलो आणि इंजिन बंद झालं. माणूस वेळेचा पक्का.

"चालू करा," मी म्हटलं. "आम्हाला नको आता. आणि डबे परत केलेत त्याबद्दल आभार."

त्याचा चेहरा उतरला. "मी डब्याला हात लावलेला नाही," तो म्हणाला. "मला शुगर आहे. रोज दोनला पायरीवर असतो, तीनला नसतो. मला वाटलं, तुम्हीच नेता." त्याचा आवाज ऐकू येत होता, पण कोरडा, त्या फोमच्या खोलीत आल्यासारखा.

"मग धुऊन कोण आणून ठेवतं?"

तो आत, पुढच्या सीटकडे बघत राहिला. त्याची बायको वळून बसली होती. तिने मला पाहून हात हलवला आणि बोलू लागली. दार उघडं होतं, इंजिन बंद होतं, ती माझ्यापासून पाच फुटांवर होती. ओठ हलत होते, हातवारे होत होते, मधेच ती स्वतःच्याच कशावर तरी हसली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"आम्हीसुद्धा पहिल्या वर्षी शांततेसाठीच आलो होतो," वेन्डल म्हणाला.

"मग इथे का राहता? घरी जा."

"गेलो होतो. तिथेही तसंच. इथे निदान पाळ्या वाटून घेता येतात." मग तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही इतकं अदबीने विचारलंत. आणि त्यांना गरज आहे असं लिहिलं होतंत. तुम्ही बोलत तर होतात ना, दोघं?"

मी मागे वळलो. आमच्या गाडीच्या दारात पद्मिनी उभी होती. ती मला हाक मारत होती. एकतीस वर्षं जी हाक ऐकली ती मला ओठांवरून कळते. अहो. पुन्हा एकदा, अहो. आवाज नव्हता. तिच्या पायांशी, पायरीवर, डबा होता. गरम भात भरला की वाफेने झाकण उचललं जातं आणि खाली बसतं, तसं त्याचं झाकण बोटभर उचललं जात होतं. ती हाक मारायची तेव्हा वर. ती थांबायची तेव्हा खाली.

गप्प बस, असं मी तिला आयुष्यभर सांगितलं आणि त्या एका वेळी माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी धावलो, तिला ढकलूनच आत शिरलो, स्टिअरिंगशी वाकून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. झाकण बसलं.

डॅशबोर्डवर दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

७

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा उत्तम आहे, स्वरयंत्र हलतंय, हवा येतेय. कुठे काही दोष नाही. मग मनाचे डॉक्टर झाले. आन्या नेपरव्हिलहून गाडी हाकत आली, दोन दिवस आईचा हात धरून बसली आणि जाताना मला म्हणाली, "बाबा, इंजिन ऑल डे चालू ठेवणं, धिस इज नॉट ओके. यू नीड हेल्प टू." पोरगी शहाणी आहे. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

पद्मिनी आता पांढऱ्या फळ्यावर लिहिते. आधी भराभर लिहायची, आता कमी. घरी आल्यावर महिन्याभराने माझ्या जॅकेटच्या खिशात तिला त्या चिठ्ठीचा कच्चा कागद सापडला. तिने तो वाचला, घडी घातली, आणि फळ्यावर लिहिलं, 'मला शांतता हवी असं मी कधी म्हटलं?' मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. तिने बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. बांगड्या माझ्या कपाळाला लागत होत्या.

तो डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. झाकणावरून मी टेप गुंडाळली आहे. बांगड्या एकदाच वाजल्या, चाल एकदाच ऐकू आली, हे मी विसरलेलो नाही. पद्मिनी अधूनमधून तिकडे बोट दाखवते. मी मान हलवतो. उघडायचा तर शेवटचं ऐकून घ्यावं लागेल, आणि नीट ऐकायचं तर इंजिन बंद करावं लागेल.

दिवसा आरव्ही चालू असते. पेट्रोल भरायचं तर आधी जनरेटर लावतो, मग इंजिन बंद करतो. मिनिटाचा जोड. रात्री तळघरात कॉम्प्रेसर, दोन पंखे आणि डिह्युमिडिफायर. तिच्याकडे अजून काय उरलं आहे ते मला माहीत आहे. ती झोपली की मी तिच्या पाठीवर हात ठेवतो. पाठ वर येते, खाली जाते. श्वास आहे, एवढं हाताला कळतं. त्याला आवाज आहे की नाही, ते एवढ्या घरघरीत कळत नाही.

८

परवा शेजारची उपासना आली. नागपूरची पोरगी. ती आणि विवेक दोघंही आयटीत, आमच्या उजव्या हाताचं घर त्यांचं. चौदा एप्रिलला दरवर्षी आम्हाला जेवायला बोलावतात. पद्मिनीवर तिचा फार जीव. कडेवर आठ महिन्यांची अनिका, दुसऱ्या हातात डबा.

"काका, सांबारवडी केली होती, आमची कोथिंबिरीची. काकूंना आवडते ना," ती म्हणाली. इंजिनामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं आणि त्याचा तिलाच संकोच वाटत होता. "आणि एक रिक्वेस्ट होती. म्हणजे जमलं तरच. अनिका दुपारी झोपतच नाही आजकाल. तासभर, दोन ते तीन, बंद ठेवता आलं तर बघा ना."

माझ्या हातात तिचा डबा होता, गरम. मी नाही म्हणालो. कारण विचारायला तिने तोंड उघडलं, मी दार लावून घेतलं. लेकीसारख्या मुलीच्या तोंडावर दार लावलं, आणि मला काही वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

तिचा डबा मी स्वतः घासला. रात्रभर विचार करून ठरवलं होतं. आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर चमचाभर साखर तरी घालतात. मी तो रिकामा देणार होतो. देण्याघेण्याचा धागाच तोडायचा. माणसं नाराज झालेली परवडली. डबा पुसला, झाकण लावलं, दाराशी ठेवला.

काल दुपारी जाऊन तिच्या हातात दिला. "यापुढे काही पाठवू नकोस," मी म्हटलं. "आमच्या दारात येऊ नकोस. बाळाला तर अजिबात आणू नकोस."

तिचे डोळे भरले. "चुकलं का काही, काका?" एवढंच म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

मी परत आलो. ओट्यावर साखरेचा डबा उघडा होता, बाजूला चमचा. पद्मिनीने फळा माझ्याकडे वळवला. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पूर्वीचा, घर दणाणून सोडणारा. 'लेकुरवाळीला रिकामं भांडं देता? मी साखर घातली.'

मी खिडकीशी गेलो. उपासना अंगणात बाळाला घेऊन बसली होती. तिने डबा उघडला, साखर पाहिली, रडतारडता हसली आणि बोटाने चिमूटभर अनिकाच्या ओठांना लावली. पोरीच्या मुठीत लाकडी खुळखुळा होता. ती तो जोरजोरात हलवत होती. उपासनेने मान तिरकी केली, खुळखुळा तिच्या हातातून घेतला, स्वतःच्या कानाशी धरून हलवला, मग पुन्हा हलवला.

मला काही ऐकू आलं नाही. आमचं इंजिन मधे आहे, म्हणून. खात्री करायची तर ते बंद करावं लागेल.